कोशकार व्लादिमीर दाल

1819 सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. रशियाच्या उत्तर भागात थंडीचा कडाका अजून ओसरला नव्हता. पीटर्सबर्गहून मॉस्कोकडे जाणाऱ्या रस्त्यावर नोव्हगोरोद प्रांतातून एक घोडागाडी बर्फावरून घसरत चालली होती. गाडीत नौदलाचा नवा कोरा गणवेश घातलेला एक सतरा वर्षांचा तरुण अंग आखडून बसला होता. गणवेश दिसायला मोठा ऐटबाज. पण त्या थंडीपुढे त्याचा काही इलाज चालेना. तरुणाचे दात वाजत आहेत हे पाहून म्हाताऱ्या गाडीवानाला त्याची दया आली. त्याने चाबकाने आकाशाकडे बोट केल्यासारखे केले आणि त्याला धीर देण्यासाठी एक शब्द उच्चारला. तो शब्द होता 'झामोलाझिवायेत'.

तरुण चकित झाला. गाडीवान रशियन, तो स्वतःही रशियन बोलणारा. तरीही हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने अर्थ विचारला. गाडीवानाने सांगितले, की आकाशात मळभ दाटू लागले आहे. उत्तरेकडील लोकांना ठाऊक असते, की आकाश निरभ्र असले म्हणजे थंडी अंगाला झोंबते आणि ढग भरून आले म्हणजे तिचा जोर कमी होतो. एवढ्या एका शब्दात त्या गाडीवानाने हवेचा सारा रंग सांगितला होता. तरुणाने खिशातून वही काढली आणि बधिर झालेल्या बोटांनी तो शब्द टिपून घेतला. शब्दापुढे अर्थ लिहिला आणि त्याच्यापुढे तो कोणत्या प्रांतात ऐकला, तेही लिहिले.

त्या तरुणाचे नाव व्लादिमीर इवानोविच दाल. रस्त्यावर टिपलेल्या या एका शब्दापासून सुरू झालेले काम पुढे त्रेपन्न वर्षे चालले आणि त्यातून रशियन भाषेचा एक अपूर्व शब्दकोश जन्माला आला.

या माणसाच्या अंगात रशियन रक्ताचा थेंबही नव्हता. त्याचे वडील डेन्मार्कचे. ते अनेक भाषा जाणणारे विद्वान होते. त्यांची कीर्ती ऐकून सम्राज्ञी कॅथरीन हिने त्यांना आपल्या ग्रंथालयाची व्यवस्था पाहण्यासाठी पीटर्सबर्गला बोलावून घेतले. रशियात आल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की या देशाला ग्रंथपालांपेक्षा वैद्यांची गरज अधिक आहे. तेव्हा ते जर्मनीत येना येथे गेले, वैद्यकशास्त्र शिकले आणि डॉक्टर होऊन रशियात परत आले. त्यांची पत्नी जर्मन कुळातली होती आणि तिच्या पूर्वजांत फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून बाहेर पडलेली माणसेही होती. या दांपत्याच्या पोटी 22 नोव्हेंबर 1801 रोजी व्लादिमीरचा जन्म झाला. जन्मस्थळ लुगान्स्क. तेथे तोफा ओतण्याचा सरकारी कारखाना होता व वडील तेथील कामगारांचे डॉक्टर होते. लुगान्स्क त्या काळी रशियन साम्राज्यात होते. आज हे शहर युक्रेनच्या पूर्व भागात मोडते आणि 2014 सालापासून त्याच्या ताब्यावरून संघर्ष चालत आला आहे. कोणते गाव कोणाचे आणि कोणता माणूस कोणत्या देशाचा, हा प्रश्न दालच्या पाळण्यापाशीच येऊन उभा होता, असे म्हणायला हरकत नाही.

वडिलांनी मात्र या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते देऊन टाकले होते. 1799 साली त्यांनी रशियाचे प्रजाजनत्व पत्करले आणि आपण रशियन आहोत ही गोष्ट ते मुलांच्या मनावर वारंवार बिंबवीत. 1812 साली नेपोलियनने रशियावर स्वारी केली, तेव्हा आपली मुले लढण्याच्या वयाची नाहीत याची त्यांना हळहळ वाटली. परंतु वडिलांनी सांगितले म्हणून मुलाच्या मनाला ते पटतेच असे नाही. व्लादिमीरला पीटर्सबर्गच्या नौदल विद्यालयात घातले होते. 1817 साली विद्यालयातील निवडक मुलांना एका जहाजातून डेन्मार्कला नेण्याचे ठरले. त्यांत व्लादिमीरही होता. जहाज चालले असता या मुलाच्या मनात एकच विचार घोळत होता. आता आपल्याला आपल्या पूर्वजांची भूमी दिसणार! ती आपल्याला ओळखेल काय? आपण तिला ओळखू काय? जहाज किनाऱ्याला लागले. व्लादिमीर खाली उतरला. त्याने घरे पाहिली, माणसे पाहिली, त्यांचे बोलणे ऐकले; पण त्याच्या अंतःकरणाची तार काही केल्या छेडली गेली नाही. पूर्वजांच्या त्या देशाशी आपले काही नाते उरलेले नाही आणि आपला देश रशियाच, हे त्याला तेथे पाऊल टाकताच कळून चुकले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला झालेली ही ओळख पुढे जन्मभर टिकली.

आपला देश रशिया हे ठरले. पण रशिया म्हणजे काय? पीटर्सबर्गमधील उमराव मंडळी आपापसांत फ्रेंच बोलत. पुस्तकांतून लिहिली जाणारी रशियन भाषाही फ्रेंच आणि जर्मन वळणाने जात होती. शेतकरी, नावाडी, सुतार, गाडीवान यांची भाषा म्हणजे गावंढळ भाषा, तिच्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे सुशिक्षितांना वाटे. दालला याच्या उलट वाटू लागले. ज्या भाषेत एका शब्दाने सारे आकाश सांगता येते, ती भाषा गरीब कशी? गरीब असलेच तर तिच्याकडे पाठ फिरवणारे लोक.

नौदलात मात्र त्याचे बस्तान बसले नाही. जहाजावर त्याला समुद्र लागे. वरिष्ठ अधिकाऱ्याची थट्टा करणारी कविता त्याने लिहिली, असा संशय येऊन त्याच्यावर खटलाही झाला. शेवटी 1826 साली त्याने नौदल सोडले आणि दोरपात येथील विश्वविद्यालयात वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. तीन वर्षे झाली न झाली तोच रशिया आणि तुर्कस्थान यांच्यातील युद्धासाठी डॉक्टरांची निकड भासू लागली. दालने घाईघाईने परीक्षा दिली आणि 1829 साली तो सैन्याबरोबर डॅन्यूब नदीपलीकडे गेला.

युद्धभूमी ही काही शब्द गोळा करण्याची जागा नव्हे. पण दालला तेथे जे घबाड हाती लागले ते एरवी दहा वर्षे भटकूनही लागले नसते. सैन्यात रशियाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले शेतकरी होते. लढाई नसेल त्या दिवशी दाल त्यांना आपल्याभोवती गोळा करी. एखादी साधीशी वस्तू घेऊन तो विचारी, की तुमच्या प्रांतात हिला काय म्हणतात? मग एकेक जण आपापल्या गावचा शब्द सांगे आणि दालची लेखणी चालू लागे. कोंबड्याला उत्तरेकडचा शिपाई 'पेतूख' म्हणे, तर दक्षिणेकडचा 'कोचेत'. चुलीतल्या आगीतून मडके बाहेर ओढण्यासाठी रशियन बायका टोकाला लोखंडी दुबेळके असलेली लांब काठी वापरतात. तिला एक जण 'उख्वात' म्हणे, दुसरा 'रोगाच'. दुसऱ्या शब्दात 'शिंग' या अर्थाचा शब्द दडलेला आहे, हे सांगायला नकोच. उच्चारांतही असाच फरक. दुधाला उत्तरेकडचा माणूस तोंड भरून 'मोलोको' म्हणतो; मॉस्कोकडचा आणि दक्षिणेकडचा माणूस त्याचेच 'मलाको' करतो.

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतोच. पण ती का बदलते? दालला हळूहळू दिसू लागले, की या फरकांत रशियन लोकांचा सारा प्रवास लिहून ठेवलेला आहे. रशियन लोक एका जागी उगवले आणि तेथेच राहिले, असे घडलेले नाही. स्लाव्ह टोळ्या फार प्राचीन काळी पूर्व युरोपातील नद्यांच्या काठाने पसरत गेल्या. काही उत्तरेला नोव्हगोरोदच्या सरोवरांपाशी स्थिरावल्या. नोव्हगोरोदची माणसे पुढे दाट अरण्ये तुडवीत थेट श्वेत समुद्रापर्यंत जाऊन पोचली व तेथे मासेमारी करू लागली. काही स्लाव्ह व्होल्गा आणि ओका या नद्यांच्या दुआबात गेले. तेथे आधीपासून मेर्या, मुरोमा अशी फिनिश वंशाशी नाते सांगणारी माणसे राहत होती. नव्या-जुन्यांचे विवाहसंबंध झाले, काही पिढ्यांनी ती जुनी नावे लोपली. पण नद्यांची आणि गावांची नावे मागे राहिली. तेराव्या शतकात मंगोल आले आणि पूर्वेच्या तुर्की-तातार लोकांशी रशियाचे नाते अधिक निकट झाले. घोड्यासाठी असलेला 'लोशाद' आणि पैशासाठी असलेला 'देन्गी' हे शब्द रशियन भाषेला तिकडूनच मिळाले. 'तुंद्रा' हा आपल्या भूगोलाच्या पुस्तकातील शब्द उत्तरेकडील सामी व फिनी लोकांकडचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रशियन लोक उरल पर्वत ओलांडून सैबेरियात शिरू लागले. त्यांत उत्तरेकडची माणसे पुष्कळ होती. म्हणूनच सैबेरियातील जुन्या वसाहतींतली भाषा हजारो मैल दूर असूनही उत्तर रशियाच्या वळणाची आहे. माणूस गाव सोडतो, घर सोडतो. पण 'मोलोको' बरोबर घेऊन जातो!

या साऱ्या टिपणांचा ढीग एवढा वाढला, की तो वाहून नेण्यासाठी दालला एक स्वतंत्र उंट ठेवावा लागला. एके दिवशी सैन्य कूच करीत असता धांदलीत तो उंट नाहीसा झाला. उंटाच्या पाठीवर दालच्या साऱ्या वह्या होत्या. लुटालूट म्हटली की लोकांचे पैसे जातात, कपडे जातात. दालची दहा वर्षांची कमाई गेली. आपण पोरके झालो, असे त्याला वाटले. इतर अधिकाऱ्यांना त्याचे दुःख नीटसे उमगले नसावे, कारण सामान तर पुन्हा घेता येते. काही दिवसांनी कोसॅक स्वारांना तो उंट कोठेतरी सापडला आणि त्यांनी तो छावणीत आणून पोचता केला. गाठोडी जशीच्या तशी होती. शत्रूला त्या कागदांत चोरण्याजोगे काही दिसले नाही, हे रशियन भाषेचे भाग्यच.

पोलंडमधील लढाईत 1831 साली या डॉक्टरने आणखी एक पराक्रम केला. व्हिस्तुला नदीपाशी सैन्य अडकले होते आणि पूल नव्हता. नौदल विद्यालयात शिकलेली विद्या दालला आठवली. त्याने हाताशी असलेल्या साहित्याचा पूल बांधला, सैन्य पलीकडे गेल्यावर तो तोडून टाकला आणि पाठलाग करणाऱ्यांना अलीकडेच थोपवले. डॉक्टरने आपले काम सोडून पूल कशाला बांधावेत, म्हणून वरिष्ठांनी त्याला ताकीद दिली. सम्राटाने मात्र पदक दिले.

युद्ध संपल्यावर दाल पीटर्सबर्गच्या लष्करी रुग्णालयात काम करू लागला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत त्याचा हातखंडा होता. हातखंडा म्हणण्यापेक्षा दोन्ही हातांचा म्हणावा लागेल, कारण तो उजव्या व डाव्या हाताने सारख्याच सफाईने शस्त्र चालवी. 1832 साली त्याने रशियन लोककथांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर आपले नाव न घालता त्याने 'कोसॅक लुगान्स्की' असे टोपणनाव घातले. बापाचे डॅनिश आडनाव बाजूला ठेवून त्याने आपल्या जन्मगावाचे नाव धारण केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या कथांत राजाची व अधिकाऱ्यांची थट्टा आहे असे सरकारला वाटले. पुस्तक जप्त झाले आणि लेखकाला अटक झाली. मोठ्या माणसांनी रदबदली केल्यामुळे तो लवकरच सुटला. पुस्तकाची एक प्रत घेऊन तो महाकवी पुश्किनला भेटायला गेला आणि त्या दिवसापासून दोघांची मैत्री जडली.

पुढल्याच वर्षी, म्हणजे 1833 साली, दाल ओरेनबुर्ग येथे गव्हर्नर पेरोव्स्की याच्या कचेरीत अधिकारी म्हणून गेला. हे नगर उरल नदीच्या काठी, युरोप आणि आशिया यांच्या सीमेवर वसलेले आहे. तेथे निरनिराळ्या प्रांतांतून आलेले रशियन शेतकरी होते, उरल कोसॅक होते. त्यांच्या शेजारी बाश्कीर, तातार आणि कझाख लोक राहत. दालने त्यांच्याही भाषा शिकून घेतल्या. रशियन लोक कोण हे जाणायचे, तर त्यांचे शेजारी कोण हेही जाणले पाहिजे, असा त्याचा बाणा होता. तेथील वनस्पती व प्राणी यांचा त्याने जो संग्रह केला, त्याबद्दल 1838 साली विज्ञान अकादमीने त्याला आपल्या सभासदांत घेतले. भाषेसाठी पुढे प्रख्यात झालेल्या या माणसाला पहिला मान मिळाला तो पशुपक्ष्यांमुळे.

1833 सालच्या शरद ऋतूत पुश्किन ओरेनबुर्गला आला होता. शंभर वर्षेही न झालेल्या एका शेतकरी बंडाचा इतिहास तो लिहीत होता. दालने त्याला बंडाच्या जागा हिंडून दाखवल्या. वाटेत बोलता बोलता लोकांच्या शब्दांचा विषय निघणे अपरिहार्यच होते. दालने पुश्किनला सांगितलेल्या शब्दांत 'विपोल्झिना' असा एक शब्द होता. सर्प आपली कात टाकतो, त्या कातेला गावाकडचे लोक असे म्हणतात. पुश्किनला हा शब्द फार आवडला. इतकी वर्षे आपण लिहितो आणि कातेला आपल्याजवळ शब्दच नव्हता, याचे त्याला नवल वाटले. पुढे 1837 सालच्या आरंभी दाल पीटर्सबर्गला आला असता पुश्किन त्याला नवा काळा कोट घालून भेटायला आला. ही आपली नवी कात, लवकर काही आपण ती टाकणार नाही, असे तो हसत म्हणाला. थोड्याच दिवसांनी द्वंद्वयुद्धात त्याला गोळी लागली. त्या वेळी त्याच्या अंगावर हाच कोट होता.

बातमी कळताच दाल धावत गेला. डॉक्टर म्हणून करण्यासारखे फारसे उरले नव्हते. मित्र म्हणून तो रात्रभर उशाशी बसून राहिला. आजवर पुश्किन त्याला आदरार्थी संबोधी. त्या दिवशी तो प्रथमच त्याला अरे-तुरे करू लागला. एवढी जवळीक व्हायला मृत्यू दाराशी यावा लागला. पुश्किनची पाचूची अंगठी आणि गोळीने भोक पडलेला तो कोट या दोन वस्तू दालकडे आल्या. त्याने त्या जपून ठेवल्या. शब्दकोशाचे काम तडीस नेण्याचा आग्रह पुश्किनने त्याला पूर्वीच केला होता. आता त्या आग्रहातून सुटका नव्हती.

1841 नंतर दाल पुन्हा राजधानीत मोठ्या हुद्द्यावर होता. आपल्या अधिकाराचा एक उपयोग त्याने मोठा चतुराईने केला. प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना, शिक्षकांना, परिचितांना पत्रे लिहून त्याने तेथील शब्द, म्हणी, गाणी व कथा मागवल्या. 1845 साली रशियन भूगोल मंडळाची स्थापना झाली, तीत दाल एक संस्थापक होता. शब्दांचा अभ्यास करणारा माणूस भूगोलाच्या मंडळात कशाला, असे कोणी विचारील. परंतु दालच्या दृष्टीने शब्द हा नदी-डोंगरांसारखाच भूमीचा भाग होता. 1852 साली त्याने रशियातील बोलींवर एक निबंध लिहिला. मॉस्कोहून उत्तरेला व पूर्वेला निघाले, की 'ओ'चा उच्चार कसा भरीव होत जातो आणि दक्षिणेला व पश्चिमेला निघाले, की तो 'अ'कडे कसा झुकतो, हे त्याने त्यात दाखवून दिले. त्याची सारीच मते आज टिकलेली नाहीत. त्या काळच्या अनेक रशियन पंडितांप्रमाणे तोही बेलारूसच्या भाषेला रशियनची बोली समजे. आज ती स्वतंत्र भाषा म्हणून मान्य झालेली आहे.

एवढ्यात त्याच्या एका कथेवरून सरकारी परीक्षकांची पुन्हा खप्पामर्जी झाली. मंत्र्याने त्याला बजावले, की एक तर नोकरी कर, नाही तर लेखन कर. दोन्ही चालणार नाही. दालने राजधानी सोडली आणि 1849 साली निझ्नी नोव्हगोरोद येथे तुलनेने लहान जागेवर बदली मागून घेतली. तेथे राजघराण्याच्या मालकीच्या गावांतील हजारो शेतकऱ्यांची देखरेख त्याच्याकडे होती. लोकांना वाटले, याने आपले नुकसान करून घेतले. पण निझ्नी नोव्हगोरोद येथे ओका नदी व्होल्गेला मिळते आणि त्या संगमावर दर उन्हाळ्यात रशियातील सर्वांत मोठी जत्रा भरे. सैबेरियाची कातडी, उरलचे लोखंड, इराणचा माल, मध्य आशियाचा कापूस हे सारे तेथे येई आणि त्याबरोबर सर्व प्रांतांची माणसेही येत. लोक जत्रेतून माल घेऊन घरी जात; दाल शब्द घेऊन जाई.

याच काळातली एक हकीकत त्याचा मित्र मेल्निकोव्ह याने लिहून ठेवली आहे. हे दोघे असताना मठासाठी वर्गणी गोळा करणारे दोन संन्यासी आले. दालने त्यांतील तरुण संन्याशाला त्याचे गाव विचारले. त्याने उत्तरेकडील वोलोग्दाचे नाव सांगितले आणि आपण मूळचे तिकडचेच, असेही तो म्हणाला. 'तिकडचा' या अर्थी त्याने जो शब्द वापरला, तो ऐकून दालने स्मितहास्य केले आणि महाराज यारोस्लाव्ल प्रांताचे तर नव्हेत, असे विचारले. संन्याशाचा चेहरा उतरला. त्याने दोन शब्दांत नकार दिला. त्या दोन शब्दांवरून दालने त्याचा जिल्हाही सांगून टाकला, तो म्हणजे रोस्तोव्ह! तेव्हा तो तरुण गुडघे टेकून अभय मागू लागला. दोघेही खोटे संन्यासी होते. भगवी वस्त्रे उसनी मिळतात, ओळखपत्रे खोटी करता येतात. आईच्या मांडीवर शिकलेला उच्चार मात्र झाकता येत नाही.

1859 साली नोकरीतून निवृत्त होऊन दाल मॉस्कोत राहायला गेला. आता त्याला शब्दकोशावाचून दुसरे काम नव्हते. त्याआधी त्याने म्हणींचा संग्रह छापून काढला. तीस हजारांहून अधिक म्हणींचा हा ग्रंथ सुमारे नऊ वर्षे सरकारी परवानगीसाठी अडून राहिला होता, कारण लोकांच्या म्हणी पुष्कळदा पुरोहितांना आणि अधिकाऱ्यांना टोचतात. तो 1862 साली बाहेर पडला. त्यानंतर 1863 ते 1866 या काळात शब्दकोशाचे चार खंड निघाले. त्यांत दोन लाखांवर शब्द आहेत. त्यांपैकी सुमारे ऐंशी हजार शब्द दालने स्वतः लोकांच्या तोंडून टिपलेले होते. शब्द केवळ अकारविल्हे न मांडता त्याने एका मुळातून फुटलेले शब्द एका गुच्छात बांधले. अर्थ सांगताना तो म्हणी देतो, शेतीची अवजारे कशी असतात ते सांगतो, नावेचे भाग सांगतो, रोट्या कशा भाजतात ते सांगतो आणि शब्द कोणत्या प्रांतातला हेही नोंदवतो. पहिल्या खंडात तो गाडीवानाचा शब्दही आहे आणि त्यापुढे नोव्हगोरोदची खूण आहे.

कोशात दोष नाहीत असे नाही. परभाषेतील शब्दांचा दालला इतका तिटकारा होता, की त्यांच्याऐवजी तो कधी कधी स्वतःच रशियन शब्द घडवून सुचवी. वातावरणासाठी त्याने सुचवलेला 'मिरोकोलित्सा' हा शब्द कोणीच वापरला नाही. जो स्वतः परक्या बीजाचा होता, त्यानेच परक्या शब्दांना दाराबाहेर उभे करावे, हे जरा विचित्रच. टीकाकारांनी त्याला याबद्दल धारेवर धरले आणि ते योग्यच होते. परंतु हे काही शब्द चाळून बाजूला काढले, तरी कोशाच्या भांडारात काही उणे पडत नाही. 1869 साली विज्ञान अकादमीने या कोशाला लोमोनोसोव्ह पारितोषिक दिले.

तू मुळात कोण, जर्मन की डॅनिश की रशियन, असे दालला लोक जन्मभर विचारीत आले. त्याचे उत्तर साधे होते. त्याच्या मते नाव, धर्म किंवा पूर्वजांचे रक्त यांवरून माणूस कोणत्या लोकांचा हे ठरत नाही. माणसाचा आत्मा कोठे आहे ते पाहावे आणि आत्म्याची खूण म्हणजे विचार. जो ज्या भाषेत विचार करतो, तो त्या लोकांचा. दाल रशियन भाषेत विचार करीत असे. धर्माने तो बरीच वर्षे वडिलांप्रमाणे ल्यूथरपंथीच होता. आयुष्याच्या अगदी अखेरीस, 1871 साली, तो रशियन ऑर्थोडॉक्स पंथात गेला.

कोश छापून झाला तरी दालची लेखणी थांबली नाही. आपल्या प्रतीच्या समासांत तो नवे शब्द आणि दुरुस्त्या लिहीतच राहिला. 1872 सालच्या आरंभी त्याची पत्नी वारली आणि त्याचीही प्रकृती ढासळली. अंथरुणाला खिळल्यावर एके दिवशी त्याने मुलीला जवळ बोलावले आणि कोशात लिहून ठेवण्यासाठी तिला चार शब्द सांगितले. ते त्याने घरातील नोकरमाणसांच्या बोलण्यात ऐकले होते. त्यानंतर काही दिवसांनी, 4 ऑक्टोबर 1872 रोजी, तो मॉस्को येथे मरण पावला. वागान्कोव्हो येथील दफनभूमीत त्याला पुरले आहे. समासांत लिहिलेल्या त्या नोंदी घेऊन कोशाची दुसरी आवृत्ती 1880 ते 1882 या काळात निघाली.